पहिल्या वेताची मांजर

व्यायला आलेली मांजर कपाटाभोवती घुटमळायला लागते. खालच्या कप्प्यातल्या साड्या पंजानं ओढायच्या, त्यांच्यावर गोल फिरायचं, टेकायचं, पुन्हा उठून पलंगाखाली जायचं, असं तिचं एक-दोन दिवस चालतं. घरातल्यांना वाटतं, खेळतेय. ती शोधत असते अंधारी, कोरडी, तीन बाजूंनी बंद जागा, आणि साड्यांचा कप्पा तिच्या हिशेबात चोख बसतो. पण त्या कप्प्यात डांबराच्या गोळ्या असतात. तो वास आपल्या नाकाच्या सवयीचा. मांजरीचं यकृत मात्र असली रसायनं निकामी करून बाहेर टाकण्यात फार कमजोर असतं, आणि तासाभरापूर्वी जन्मलेल्या पिल्लाचं तर विचारायलाच नको. काळं फिनेल, मुंग्यांचा खडू, डासांच्या उदबत्तीचा धूर, कुत्र्यांसाठीची पिसवा-गोचिडांची औषधं, सगळी याच यादीतली. कुत्र्यांच्या त्या औषधांपैकी कित्येकांत परमेथ्रिन असतं आणि ते मांजरीच्या जिवावर बेततं. तेव्हा तयारीची सुरुवात घरातून काय हलवायचं इथून करावी. मऊ अंथरुणाचं नंतर बघता येतं.

गोठ्यात पहिल्यांदा विणाऱ्या जनावराला पहिलारू म्हणतात, आणि तिच्यापाशी रात्री कुणीतरी जागं राहतं. पाचव्या-सहाव्या वेताच्या म्हशीपाशी एवढं कुणी बसत नाही. मांजरीच्या बाबतीत आपण हा फरक करत नाही. मांजर काय, तिचं ती बघून घेते, असं म्हणून मोकळे होतो. बहुतेक वेळा ते खरंही ठरतं. पहिल्या वेताच्या बऱ्याचशा मांजरी सगळं नीट करतात. ज्यांचं चुकतं, त्यांचं ठरावीक चार-पाच जागी चुकतं, आणि त्यातल्या काही जागी आपल्या हाताशी दोन-तीन मिनिटंच असतात. ती मिनिटं कुठली हे ठाऊक असलं, की उरलेल्या वेळात हात मागे घेऊन शांत बसता येतं. हे शांत बसणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण घाबरलेल्या पहिलारूला सगळ्यात जास्त त्रास होतो तो मायेपोटी सारखं खोक्यात डोकावणाऱ्या माणसांचा.

मांजरीचे दिवस साधारण ६३ ते ६५. गाभण असल्याची शंका आली तर पंचेचाळिसाव्या दिवसानंतर एक एक्स-रे काढून घ्यावा. तोवर पिल्लांची हाडं दिसण्याइतकी घट्ट झालेली असतात आणि कवट्या मोजता येतात. चार मोजल्या असतील आणि रात्री तीनच बाहेर आली असतील, तर अजून एक आत आहे हे अंदाजावर सोडावं लागत नाही. त्याच फेरीत डॉक्टरांना विचारून ठेवावं, रात्री दोन वाजता फोन केला तर कुणाला करायचा. तालुक्याच्या ठिकाणचा सरकारी दवाखाना बहुतेक गाई-म्हशींच्या कामात असतो आणि रात्री बंद असतो. तेव्हा हा नंबर दिवस भरायच्या आधी खिशात हवा.

खोका साधारण ६० सेंटिमीटर लांब आणि ४५ रुंद असावा. तिला आडवं होऊन पाय ताणता आले पाहिजेत आणि पिल्लं सरपटत तिच्यापासून फार लांबही जाता कामा नयेत. एका बाजूला दार कापायचं आणि त्याला १२ ते १५ सेंटिमीटरचा उंबरा ठेवायचा. उंबरा नसला तर आई उठून निघाली की आचळाला लोंबकळणारं पिल्लू तिच्याबरोबर बाहेर येतं, फरशीवर गळून पडतं आणि बघता बघता गार होतं. कापलेल्या पुठ्ठ्याची धार जाता-येता भरल्या आचळांना घासते, म्हणून तिच्यावर कापडी पट्टी चिकटवावी. वरून झाकण हवंच. उघड्या खोक्यात बाळंतीण ठरत नाही. हा खोका दहा-बारा दिवस आधी तिच्या आवडत्या कोपऱ्यात ठेवून द्यावा आणि विसरून जावं. तिला उचलून आत बसवण्याचा उद्योग करू नये.

खाली काय अंथरायचं याबद्दल मात्र मी आग्रही आहे. गोधडी नको. गोधडीची माया खरी, पण जुन्या गोधडीचा एखादा टाका उसवलेला असतोच. नवजात पिल्लू डोळे मिटलेलं, कान बंद, ऊब आणि वास यांच्या आधारानं पुढे सरकतं. ते त्या फटीतून दोन थरांच्या मध्ये शिरतं, आणि आई त्याच जागेवर निवांत अंग टाकते. तिला खाली काही जाणवत नाही. टर्किश टॉवेलही नको, कारण या वयात पिल्लांना नखं आत ओढून घेता येत नाहीत. ती टॉवेलच्या फासांत अडकतात आणि पिल्लू जागच्या जागी ओरडत राहतं. तळाला वर्तमानपत्राची जाड घडी आणि वर जुन्या सुती धोतराचा किंवा लुगड्याचा एकेरी, घट्ट खोवलेला तुकडा, एवढं पुरे. असे पाच-सहा तुकडे धुऊन, उन्हात वाळवून ठेवले की ओला काढून कोरडा घालायला वेळ लागत नाही.

मुंग्यांचं आत्ताच सांगायला हवं, कारण आपल्याकडे पिल्लं दगावण्याचं हे एक मोठं आणि टाळता येण्याजोगं कारण आहे. प्रसूतीचं पाणी, रक्त, वारेचे (पिल्लामागून बाहेर पडणाऱ्या, नाळेनं जोडलेल्या गोळ्याचे) तुकडे यांच्या वासावर लाल मुंग्या तासाभरात हजर होतात आणि हलता न येणाऱ्या पिल्लाचे डोळे, नाळ आणि शेपटीखालची जागा धरतात. खडू ओढून भागत नाही. त्याची पूड आईच्या पंजाला लागते, ती पंजा चाटते, मग पिल्लू चाटते. जुन्या घरांत दुधा-तुपाच्या फडताळासाठी जे करत तेच इथेही करावं. चार खोलगट वाट्यांत पाणी घालायचं, त्यांत बुटक्या चौरंगाचे पाय ठेवायचे आणि चौरंगावर खोका. चौरंग भिंतीला टेकता कामा नये. वाटीत दाण्याएवढा साबणाचा तुकडा टाकला तर मुंगी पाण्यावर तरंगून पलीकडे जात नाही. आणि ओलं कापड सकाळपर्यंत तसंच ठेवायचं नाही.

आता ती रात्र. दिवस भरले की मांजर जेवण टाकते, आचळ दाबलं तर थेंब येतो, आणि एरवी ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असणारं अंग ३७.८ च्या खाली उतरतं. तिथून साधारण एका दिवसात कळा सुरू होतात. (थर्मामीटर तिला सोसवत नसेल तर हट्ट धरू नये.) धाप, येरझारा, खोक्यात उकरणं, मध्येच आर्त ओरडणं, ही पहिली अवस्था पहिलारूला चोवीस तासही पुरते. या वेळी काही मांजरी माणसाला सोडत नाहीत. आपण खोक्यापाशी बसलो तर आत बसतात, उठलो तर मागे येतात. अशा मांजरीजवळ जमिनीवर बसून राहावं, दिवा मंद करून, फोन बंद करून. काहींना उलट माणूस समोर असला की कळा थांबतात. त्यांना दाराच्या फटीतून पाहावं. आपली मांजर कुठल्या जातकुळीची आहे ते तीच पहिल्या तासात दाखवते.

खरी कळ ओळखायला चुकत नाही. पोट आवळलं जातं, ती कुंथते, मागचा पाय खोक्याच्या भिंतीला लावून जोर देते. जोराच्या कळा लागोपाठ येऊ लागल्यावर अर्ध्या तासात पिल्लू आलं नाही, तर डॉक्टर. पिल्लाचा भाग दिसतो आहे आणि दहा मिनिटं ते तिथेच आहे, तर लगेच डॉक्टर. ताजं लालभडक रक्त वाहत राहणं, किंवा एकही पिल्लू न येता काळपट हिरवा, घाण वासाचा स्राव येणं, यातही वाट बघायची नाही. कळा वाढवायचं इंजेक्शन कुणी घरी आणून दिलं तरी टोचू नये. वाट अडलेली असताना ते दिलं तर गर्भाशय फाटतं. आधी पाय दिसले म्हणून मात्र घाबरायचं कारण नाही. दहातली चार पिल्लं पायाकडूनच येतात.

पिल्लू बाहेर येतं ते पातळ, चकचकीत पडद्याच्या पिशवीत. आई वळते, पडदा दातांनी फाडते, तोंड-नाक चाटते, पिल्लू उचकी देऊन ओरडतं, मग ती नाळ कुरतडते आणि वार खाते. शेकडो वेळा हे असंच होतं. पहिलारूचं गाडं अडतं ते इथे. कळेनं दचकून ती उठते आणि नाळेला लटकलेलं पिल्लू घेऊन चालू लागते. किंवा स्वतःलाच चाटत बसते, मागे काय पडलंय हे तिच्या गावीही नसतं. किंवा पिशवीतल्या पिल्लाला तसंच ठेवून आधी वार खायला घेते. किंवा पहिल्याला पुसेपर्यंत दुसरं येतं आणि ती गोंधळते.

आपण घड्याळाकडे बघायचं. एक मिनिट तिचं. मिनिटभरात तिनं तोंडाकडचा पडदा फाडला नाही, तर पुढचं आपण करायचं. स्वच्छ धुतलेल्या बोटांनी पडदा नाकापाशी चिमटीत धरून फाडायचा आणि अंगावरून मागे सोलायचा. पिल्लाचं डोकं किंचित खाली ठेवून मऊ कापडाच्या टोकानं नाक आणि तोंडातला चिकट द्राव टिपायचा. मग कोरड्या, जराशा खरबरीत सुती कापडात धरून पाठ आणि छाती केसांच्या उलट दिशेनं चोळायची, आईच्या जिभेसारखी, चांगला जोर लावून. पहिल्या वेळी हात फार हलका पडतो. निळसर तोंड गुलाबी व्हायला लागतं, मग एक चिरका आवाज येतो. पायांना धरून झटकायची किंवा झोके द्यायची जुनी रीत सोडून द्यावी; त्या झटक्यानं इवल्या मेंदूला इजा होते. दोन मिनिटांत श्वास लागला नाही म्हणून थांबायचं नाही, दहा-पंधरा मिनिटं चोळत राहायचं. उशिरा श्वास घेणारी पिल्लंही जगतात.

ते ओरडलं की पुसून कोरडं ठक्क करू नये. अर्धवट ओलं, वारेच्या वासाचं तसंच तिच्या नाकासमोर ठेवावं. मांजर आपलं पिल्लू वासानं ओळखते आणि तो ओलावा चाटता चाटताच तिच्यातली आई जागी होते. आपण ते धुऊन, पावडर लावून, टॉवेलात गुंडाळून दिलं तर तिच्या लेखी ती कुणाची तरी वस्तू असते.

नाळेची घाई नसते. तिनं स्वतः तोडली नाही, तर वार बाहेर आल्यावर पोटापासून अडीच-तीन सेंटिमीटरवर उकळलेल्या सुती दोऱ्याची गाठ मारायची आणि गाठीच्या पलीकडे उकळलेल्या कात्रीनं कापायचं. टोकाला बीटाडीनचा थेंब. हळद भरू नये. ती तिथे चिखल होऊन बसते. नाळ पिल्लाच्या बाजूनं ओढली जाऊ देऊ नये, नाहीतर बेंबीशी भोक पडून आतडं बाहेर येतं. आईच्या बाजूला लोंबणारी वारही ओढायची नाही. तुटून आत राहिली तर विष होतं.

तिसऱ्या-चौथ्या पिल्लानंतर आणखी एक गोष्ट घडते, ती बाहेरून बघणाऱ्याला कळत नाही. न तोडलेल्या नाळा, वारांचे तुकडे आणि पिल्लं यांचा एकच गुंता होतो. नाळ वाळायला लागली की सुतळीसारखी कडक होते आणि एखाद्या पिल्लाच्या मागच्या पायाभोवती आवळत जाते. सकाळपर्यंत तो पाय सुजून जांभळा पडलेला असतो. म्हणून दर दोन पिल्लांनी एकदा, ती शांत असताना, बोटानं चाचपून बघावं की प्रत्येक पिल्लू सुटं आहे. गुंता वाळला असेल तर कोमट पाण्यानं भिजवून, मऊ करून, मग कापावा.

दोन पिल्लांमध्ये दहा मिनिटं ते तासभर जातो. कधी कधी मांजर दोन पिल्लं झाल्यावर चक्क थांबते, दूध पाजते, पाणी पिते, झोपते आणि कित्येक तासांनी उरलेली पिल्लं देते. ती निवांत असेल, कळ नसेल, घाण स्राव नसेल, तर हे तिच्या जातीला साजेसंच आहे. अस्वस्थ असेल, मधूनमधून कुंथत असेल आणि काही येत नसेल, तर वाट न बघता डॉक्टर. किती वारा पडल्या ते मोजत राहावं: प्रत्येक पिल्लामागे एक वार. तिनं दोन-तीन खाल्ल्या तर चालतं. सगळ्या खाल्ल्या तर जुलाब होतात, म्हणून बाकीच्या हळूच काढून घ्याव्यात. मांजर पिल्लं खाते अशी जी ओरड होते, त्यात पुष्कळदा दिव्याच्या उजेडात रक्ताळलेल्या तोंडानं वार खाणारी आईच दिसलेली असते. मेलेलं पिल्लू मात्र ती कधी कधी खातेही. खोका स्वच्छ ठेवण्याची तिची ती रीत आहे.

पहिल्या सोळा ते चोवीस तासांतला चीक पिल्लाच्या पोटात गेलाच पाहिजे. गाईच्या चिकाचा आपण खरवस करून वाटतो. मांजरीचा चीक थेंबभर असतो आणि त्यातूनच पिल्लाला रोगाशी लढायची ताकद मिळते. एका दिवसानंतर पिल्लाचं आतडं ती ताकद रक्तात घेईनासं होतं, मग कितीही दूध प्यालं तरी ती कसर भरून निघत नाही. म्हणून सगळी बाळंतपणं उरकल्यावर झोपायला जायच्या आधी एकदाच पाहावं की प्रत्येक पिल्लू आचळाला लागलंय. जे लागत नाही त्याचं तोंड आचळाशी नेऊन एक थेंब ओठावर पिळायचा. आई सारखी उठत असेल तर तिच्या खांद्यावर हलका हात ठेवून, हळू आवाजात बोलत तिला आडवं ठेवायचं. पाच-सात मिनिटांत ओढ बसली की पान्हा सुटतो, आणि ती घुरघुरायला लागते. ती घुरघुर ऐकली की हात काढून घ्यावा.

त्यानंतर दहा दिवस सोयर पाळावं, हे मी अगदी मनापासून सांगते. माणसाच्या बाळंतिणीच्या खोलीत दहा दिवस कुणी येत नसे, त्याला विटाळाचं कारण दिलं जाई. पण त्या निमित्तानं आई आणि मूल यांना एकांत मिळे. मांजरीला तोच एकांत हवा असतो. शेजारची मुलं, व्हिडिओ कॉलवरचे मामा, घरातलं दुसरं मांजर, सगळी दाराबाहेर. बोका तर नक्कीच बाहेर. बोके परकी पिल्लं मारतात. मात्र पिल्लाला माणसाचा हात लागला की आई टाकून देते, ही समजूत खरी नाही. ती हाताला भीत नाही. गोंगाट, उजेड आणि सततची हलवाहलव तिला सहन होत नाही.

हात लावायचा तो दिवसातून एकदा, वजनासाठी. एक ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, त्यावर कापड घातलेलं वाडगं. जन्माचं वजन साधारण शंभर ग्रॅम. नव्वदच्या खालच्यावर लक्ष, पंचाहत्तरच्या खालच्यावर कडक लक्ष. रोज ठरल्या वेळी मोजायचं आणि वहीत लिहायचं. दिवसाला दहा ते पंधरा ग्रॅम चढले पाहिजेत, आठ-दहा दिवसांत दुप्पट. पहिल्या दिवशी चार-पाच ग्रॅम घटले तर समजून घेता येतं, दुसऱ्या दिवशी नाही. माणसांच्या घरी पाचवीला सटवाई येऊन कपाळी लिहिते म्हणतात, आणि बंगालात हीच षष्ठी देवी मांजरावर बसून येते. पिल्लांचं मात्र पाचवीच्या आत वहीतल्या आकड्यांत दिसायला लागतं. डोळ्याला सगळी सारखीच गुबगुबीत वाटत असताना एकाचं वजन सलग दोन दिवस जागच्या जागी असतं. ते पिल्लू ढिगापासून बाजूला पडलेलं असतं, सारखं बारीक आवाजात कुरकुरतं, आणि त्याच्यासाठी त्याच दिवशी काही करता येतं. चौथ्या दिवशी येत नाही. सारख्या रंगाची पिल्लं ओळखायला पाठीवरचे, खांद्यावरचे किंवा मागच्या मांडीवरचे केस कात्रीनं टिचभर कापावेत. गळ्यात दोरा बांधू नये, दृष्टीचा काळासुद्धा. आठ-दहा दिवसांत वजन दुप्पट होणाऱ्या पिल्लाच्या मानेला तो फास आहे.

उबेची गोष्ट दुधाच्याही आधीची. पहिल्या आठवड्यात पिल्लाला स्वतःचं अंग गरम राखता येत नाही, थरथरताही येत नाही. खोक्यातली हवा २९ ते ३२ अंश लागते, दुसऱ्या आठवड्यात थोडी कमी. महाबळेश्वरच्या डिसेंबरात किंवा कोकणातल्या ओल्या जुलैत गरम पाण्याची रबरी पिशवी जाड फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एकाच कडेला ठेवायची, म्हणजे उकडलं तर सरकायला दुसरी कड उरते. विदर्भातल्या मे महिन्यात पिशवी नकोच, तिथे खोका गार खोलीत आणि कूलरच्या झोतापासून दूर. पिल्लं स्वतःच सांगतात: एकमेकांवर घट्ट रचलेली असतील तर गारठली आहेत, चारी दिशांना पसरून तोंड उघडून पडली असतील तर उकडतंय, आणि सैलसर ढीग करून झोपेत अंग उडवत असतील तर सगळं ठीक आहे. शेगडी, ओव्याची धुरी, अंगाला तेल हे माणसांच्या बाळंतिणीसाठी. धुरानं पिल्लांची छाती भरते, आणि तेलानं केस चिकटून ऊब निघून जाते.

गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजायचं नाही. यात सगळ्यात जास्त माणसं चुकतात, आणि चुकतात ती कळवळ्यानं. गार अंगात आतडी थांबलेली असतात. पोटात गेलेलं दूध तिथेच नासतं किंवा उलटून फुप्फुसात जातं. आधी आपल्या छातीशी, कापडाच्या आत, कातडीला लावून हळूहळू तासभर ऊब द्यायची. गरम पाण्यात बुडवायचं नाही. पोट आणि तोंडाचा आतला भाग कोमट लागला, तोंडात घातलेल्या बोटाला ओढ बसली, की मग दूध.

ते दूध गाईचं नसावं. मांजरीच्या दुधात प्रथिनं गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त असतात. गाईच्या दुधावरचं पिल्लू पोट भरूनही उपाशी राहतं आणि जुलाबानं सुकतं. शेळीचं दूधही इतकं दाट नसतं. पिल्लांसाठीची दुधाची पावडर मिळते, तिचा एक डबा आधीच आणून ठेवावा आणि डब्यावरच्या प्रमाणातच कालवावी. शंभर ग्रॅमच्या पिल्लाला एका वेळी चार मिलिलिटर, दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. दूध मनगटाच्या आतल्या बाजूला कोमट लागावं. पिल्लू पोटावर पालथं, आईखाली असतं तसं, मान किंचित वर. माणसाच्या बाळासारखं उताणं धरलं तर दूध श्वासनलिकेत जातं. सिरिंज जोरात दाबू नये, त्यानं ओढू द्यावं. नाकातून फेस आला की थांबावं. पाजून झालं की कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसानं शेपटीखाली हलकेच पुसत राहायचं. आई चाटते तेव्हाच पिल्लाला शी-शू होते, स्वतःहून साधारण तीन आठवड्यांनंतर. हे राहिलं तर पोट टम्म होऊन, पाजलेलं सगळं वाया जातं.

आई काही दिवसांनी एकेकाला मानगुटीला धरून बाहेर काढायला लागली, तर तिला रागवू नये. मांजर पिल्लांना सात घरं दाखवते म्हणतात. सात कशाला, एखादं-दुसरं घर बहुतेक मांजरी बदलतात. खोका मळला, वास आला, येणं-जाणं वाढलं की नवी जागा. मानगूट धरली की पिल्लू पाय पोटाशी घेऊन निपचित पडतं, म्हणून मांजरीचे दात तिच्या पिल्लांना लागत नाहीत. पहिलारू कधी चुकून पाठीला किंवा डोक्याला धरते, दोन-तीन फेऱ्यांत शिकते. दिवसभर तोंडात पिल्लू घेऊन ओरडत हिंडत असेल, तर मात्र तिला जागा सुरक्षित वाटत नाहीये. खोली बंद करून, अंधार करून, घराबाहेर पडावं. तासाभरात ती बसते.

तिच्या जेवणाकडे दुर्लक्ष होतं, कारण सगळ्यांचे डोळे पिल्लांवर. चार पिल्लं पाजणाऱ्या मांजरीला तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एरवीच्या दुप्पट, कधी तिप्पट अन्न लागतं. पिल्लांसाठीचा कोरडा खाऊ तिला तेवढे दिवस पूर्ण वेळ ठेवावा, सोबत उकडलेली, काटे काढलेली मासळी, कोंबडी, अंडं. मीठ-मसाला नको, कांदा-लसूण अजिबात नको. रश्श्यातला लसूणही तिचं रक्त नासवतो. पाण्याचं भांडं खोक्यापासून हातभर अंतरावर. एखादं आचळ तापलेलं, दगडासारखं कडक, लालजांभळं झालं तर त्याच दिवशी दवाखाना. तपकिरी-लालसर स्राव दोन-तीन आठवडे थोडाथोडा येतो, तो चालतो. पू किंवा दुर्गंधी चालत नाही. आणि दूध जोरात असताना ती थरथरायला लागली, पाय ताठ टाकत चालू लागली, धापा टाकू लागली, तर तो कॅल्शियमचा तुटवडा असतो. काही तासांत जीव जातो आणि वेळेवर शिरेतून औषध मिळालं तर तितक्याच झटपट ती उठून बसते. ताप वाटला म्हणून माणसाची पॅरासिटामॉलची गोळी देऊ नये, पाव तुकडाही नाही. मांजरीला ती विष आहे.

आठव्या-दहाव्या दिवशी डोळ्यांच्या कोपऱ्यात फट दिसते, चौदाव्यापर्यंत डोळे उघडतात. ते बोटानं उघडू नयेत. पापणी फुगून पू दिसला तर कोमट पाण्याच्या कापसानं पुसून डॉक्टरांना दाखवावं. जंताचं औषध दोन-तीन आठवड्यांपासून, वजनावर मोजून, डॉक्टर सांगतील तसं, कारण जंत आईच्या दुधातूनच येतात. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत. दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात पिल्लांना माणसाच्या मांडीची ओळख होते. रोज थोडा वेळ वेगवेगळ्या माणसांनी हातात घेतलेलं पिल्लू पुढे माणसाळलेलं राहतं. आठ आठवड्यांच्या आत कुणालाही देऊ नये, दहा-बारा झाले तर आणखी चांगलं. या सगळ्यात आईचं नसबंदीचं ऑपरेशन राहून जातं. पाजणारी मांजर गाभण राहत नाही हा भ्रम आहे. पिल्लं अंगावर असतानाही ती माजावर येते. तेव्हा बोका आत येणार नाही हे बघायचं आणि पिल्लं अंगावरून सुटली की ऑपरेशनची तारीख घ्यायची.

तिसऱ्या आठवड्यात पिल्लं लटपटत उभी राहतात, आणि एखादं उंबऱ्यावर पोट अडकवून पुढचे पाय बाहेर, मागचे आत, असं अडून बसतं. आई लांबून बघते, उठत नाही. चौथ्या आठवड्यात उथळ ताटलीत पाण्यात भिजवलेला खाऊ ठेवावा. ती त्यात पाय घालून उभी राहतात, नाकाला लावून शिंकतात, मग चाटतात. वजन साडेतीनशे-चारशेच्या घरात गेलेलं असतं. वाडग्यात ठेवलं की पिल्लू कडेवर पंजे ठेवून उभं राहतं, काट्यावरचा आकडा वर-खाली होत राहतो, स्थिर होत नाही, आणि वहीत त्या दिवशी अंदाजानं लिहावं लागतं.